शून्य नंबरची रांग

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि मनात एक छोटं नाट्यगृह उभं करा. मोठं नको, आठच रांगांचं. लाकडी खुर्च्या, बसलं की करकरणाऱ्या. पुढे रंगमंच. रंगमंच आणि पहिली रांग यांच्यामध्ये थोडी मोकळी जमीन. झालं उभं? आता तिकीटखिडकीमागच्या खोलीत या. तिथे आपली भिंगरी बसली आहे.

भिंगरी अकरा वर्षांची. तिची आत्या या नाट्यगृहाची तिकिटांची वेबसाइट सांभाळायची आणि सुट्टीत भाचीला शेजारी बसवून शिकवायची.

"हा एक मोठा डबा," आत्या सांगायची. "त्यात रांगांचे डबे. रांगेच्या डब्यात खुर्च्यांचे कप्पे आणि कप्प्यात बसणाऱ्याचं नाव. डब्यात डबा, म्हणजेच अ‍ॅरेत अ‍ॅरे. तिसऱ्या रांगेतली पाचवी खुर्ची हवी, तर आधी तिसरा डबा उघडायचा, मग पाचवा कप्पा."

"पण यंत्र तर शून्यापासून मोजतं."

"म्हणून शून्य नंबरचा डबा मी रिकामाच सोडलाय. मग खुर्चीवरचा आकडा आणि डब्याचा आकडा जुळतो. आळशी माणसाची युक्ती, कुणाला सांगू नकोस."

एका सकाळी भिंगरीने सगळ्या रांगा वेबसाइटच्या पानावर काढणारा कोड स्वतः लिहिला. एकपासून मोजायला सांगायचं ते विसरली आणि शून्यापासून सुरुवात केली. पानावर आठ रांगांऐवजी नऊ उमटल्या. जादाची, शून्य नंबरची रांग सगळ्यांच्या पुढे, रंगमंचाला चिकटून. ती रिकामी असायला हवी होती. पण तिच्या मधोमध एक चौकोन लाल होता, आणि त्यात नाव होतं : लाइटवाले.

"आत्या, लाइटवाल्या काकांना इथे कुणी बसवलं?"

आत्याने नाव पुसलं. पान पुन्हा उघडलं, तर नाव जागच्या जागी. तिने केस वर बांधले. कामात काही अडलं की ती तसं करायची. "माझंच कुठेतरी चुकतंय," ती म्हणाली. "उद्या बघू."

लाइटवाले काका तेव्हा बाहेर शिडीवर होते. त्यांनी खाली वाकून भिंगरीला निळ्या पारदर्शक कागदाचा एक तुकडा दिला आणि त्यातून दिवा बघायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शिडी जमिनीवर आडवी पडली होती. भिंगरीने दारावरच्या मामांना विचारलं, तर ते कोरड्या चेहऱ्याने म्हणाले, "कोण लाइटवाले? दिवे यंत्रावर चालतात आपल्याकडे. पहिल्यापासून."

मामा थट्टेखोर खरे, पण या वेळी थट्टा करत नव्हते. आत खोलीत आत्याने चहाचे तीन कप भरले होते. तिसऱ्या कपाकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि मग तो तिने मोरीत ओतून दिला.

शनिवारी दुपारी मुलांच्या नाटकाचा प्रयोग होता. भिंगरीचा धाकटा भाऊ ढब्बू आयुष्यातलं पहिलं नाटक बघणार होता. त्याची जागा तिसऱ्या रांगेत, भिंगरीच्या शेजारी. प्रयोगाआधी तिने आपलं ते पान उघडलं. तिसऱ्या रांगेतला ढब्बूचा चौकोन मोकळा होता. शून्य नंबरच्या रांगेत, लाइटवाल्यांच्या शेजारी, लिहिलं होतं : ढब्बू.

ती धावत बाहेर गेली. ढब्बू पायरीवर बसून डावा बूट उजव्या पायात कोंबत होता. तो उठला आणि मामांची बाही ओढू लागला. मामांनी माशी झटकावी तशी बाही झटकली.

"काय गं," ते भिंगरीला म्हणाले, "आज एकटीच?"

भिंगरीने खोलीत येऊन आत्याला हलवलं. "आत्या, ढब्बूला परत आण."

"कोण ढब्बू?" आत्या म्हणाली. मग तिने कपाळ दाबून धरलं. "थांब. थांब जरा. आपला ढब्बू. भिंगरे, माझ्या डोक्यातून काहीतरी निसटतंय. तो शून्याचा डबाच उडवते."

भिंगरीने तिचं मनगट धरलं. "नाही. डबा उडवलास तर आतलेही जातील."

"मग काय करायचं?"

"सरक. मी बसते."

तिने ढब्बूचं नाव उचलून तिसऱ्या रांगेत ठेवलं. पापणी लवेपर्यंत ते तिथे राहिलं आणि पुन्हा पुढे गेलं. तिने परत आणलं. ते परत गेलं. भिंगरीचे कान तापले.

"माझा भाऊ आहे तो," ती पडद्याला म्हणाली. "तुमच्या बापाचा माल नाही."

आणि तिला आपलीच जुनी चूक सुचली. एकदा तिने कप्प्यात नावाऐवजी नवा डबाच ठेवला होता. तेव्हा पान गोंधळलं होतं. पानाला फक्त नाव वाचता यायचं, डब्याच्या आत डोकावता यायचं नाही. डबा दिसला की ते नुसतं 'अ‍ॅरे' असं छापून मोकळं व्हायचं. जे नाव वाचताच येत नाही, ते गिळताही येणार नाही.

तिने शून्य नंबरच्या रांगेतल्या ढब्बूच्या कप्प्यात एक नवा डबा ठेवला. डब्यात ढब्बूचं नाव घातलं. मग थोडं थांबून शेजारी स्वतःचंही घातलं. ढब्बूला एकटं बसायची सवय नव्हती.

पान उघडलं. लाल चौकोनात लिहिलं होतं : अ‍ॅरे.

पुन्हा उघडलं. तेच.

बाहेरून मामांचा आवाज आला. "अहो ढब्बूशेठ, बूट उलटे घातलेत की."

आत्याने श्वास सोडला. पण भिंगरी उठली होती. तिने लॅपटॉप काखेत मारला, ढब्बूचा हात धरला आणि ती नाट्यगृहात शिरली. तिसरी रांग आली. ती थांबली नाही.

"अगं, तिकडे कुठे?" मामा मागून म्हणाले.

"आमची जागा तिकडे आहे."

पहिल्या रांगेच्या पुढे, मोकळ्या जमिनीवर, दोघं मांडी घालून बसली. घंटा झाली. दिवे मंदावले.

ढब्बू तिला चिकटला. "ताई, काकांना पाय जवळ घ्यायला सांग ना."

उजवीकडे कुणी नव्हतं. दिव्यांच्या तापलेल्या पत्र्याचा आणि धुळीचा वास आला. मग शेजारी काहीतरी करकरलं, खुर्चीत कुणी सावरून बसावं तसं.

त्याच्या पलीकडे आणखी एक करकरलं.

त्याच्याही पलीकडे.

पानावर दोनच चौकोन लाल होते. करकर मात्र थेट भिंतीपर्यंत गेली.

भिंगरी इंचभरही सरकली नाही. तिने लॅपटॉप मांडीवर उघडला आणि एक नवा, रिकामा डबा तयार केला.

"नावं सांगा," ती हळू पण स्पष्ट म्हणाली. "एकेक करून. सगळ्यात जुनं आधी."

आणि उजवीकडे कान देऊन ती टाइप करू लागली.