शेवंताबाईंच्या चार भेटी

सुनंदा, सोमवारपासून तू वस्तीवरची नर्स. घरोघर जायचं, पेशंट बघायचे, नोंद करायची. बरोबर?

"नोंद फोनवर असते, आजोबा. थंडीत घरूनही भरता येते. सगळ्याच भरतात, यार."

बिल्कुल भरतात. आमच्या वेळी रजिस्टर होतं, एवढाच फरक. मग अहिल्याचं ऐकून ठेव.

दिल्लीत, आर. के. पुरमला, आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहायची ती. साताऱ्याची, तुझ्याच वयाची, तुझ्याच कामावर. जवळच्याच मुनीरका गावात एका खोलीत शेवंताबाई होत्या, एका जवानाची विधवा, क्षयाची पेशंट. अहिल्यानं रोज जाऊन सुई द्यायची. पण त्या जानेवारीत धुकं असं, की समोरची बस दिसेना. सोमवार ते गुरुवार पोरगी घरीच बसली आणि रजिस्टर भरलं : सुई दिली, ताप नाही, भूक चांगली, नाडी नीट. सरकारी कागदावर पेशंट इतका ठणठणीत असतो, की तो आजारी का पडला हेच कळत नाही.

शनिवारची तपासणी ठरली. प्रत्येक भेटीपुढे पेशंटचा अंगठा हवा. अहिल्या अजून प्रोबेशनवर. चार जागा कोऱ्या दिसल्या तर नोकरी गेली, आणि साताऱ्याला मामानं ठरवलेलं स्थळ वाट बघतच होतं.

म्हणून शुक्रवारी, अकरा जानेवारी पंच्याऐंशीला, रात्री पावणेनऊला ती रजिस्टर आणि शाईचा पॅड घेऊन निघाली. सुई घेतली नाही. अंगठ्याच्या घाईत सुई कुणाला आठवते?

गल्लीत वीज गेलेली. शेवंताबाईंचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत खाटेवर, डोक्यावरून रजई घेऊन, कुणीतरी बसलं होतं.

"आलीस व्हय? चार दिस वाट बघितली."

"आजी, जरा अंगठा द्या. चार ठिकाणी."

"सुई?"

"उद्या देते."

"वहीत काय ल्हिलंस माझं?"

अहिल्यानं शाईचा पॅड उघडला.

"वाच की."

तिनं अंधारात तोंडपाठ सांगितलं. ताप नाही. भूक चांगली. नाडी नीट.

"मग बघ नाडी."

रजईतून हात आला. अहिल्यानं धरला. थंड... हिवाळ्याची थंडी नव्हे ती. तिनं बोट सरकवलं. पुन्हा सरकवलं. काहीच नाही.

"लागंना?"

"आजी..."

"थांब. मी बघते तुझी."

त्या हातानं तिचं उजवं मनगट पकडलं. सुटेना. रजईच्या आत मोजणं सुरू झालं.

"एक..."

मग शांतता. बराच वेळ.

"दोन..."

अहिल्या दुसऱ्या हातानं ती बोटं उचकटू लागली.

"तीन..."

...

"चार."

बाहेर किल्ल्या वाजल्या. कुलूप उघडल्याचा आवाज. बाहेरच्या कुलपाचा. दारात कंदील घेऊन घरमालकीण.

"तू अंदर कैसे आई? ताला तो मैंने खुद लगाया था... गिनती कौन कर रहा था?"

"शेवंताबाई."

"बुढ़िया तो मंगल को ही गुज़र गई, बेटी. तेरी राह देखते-देखते."

कंदिलाच्या उजेडात खाट दिसली. उघडी. रजईसुद्धा नव्हती.

शनिवारी तपासणीचे साहेब आलेच नाहीत. येत नाहीत ते. अहिल्या पर्मनंट झाली. तीस वर्षं नोकरी केली, आणि न जाता एक ओळ लिहिली नाही.

हे तिनंच मला सांगितलं, रिटायर झाल्यावर. मी हसलो. कारकून माणूस, पुरावा मागितला. ती म्हणाली, "चार डॉक्टरांनी बघितलं, भाऊ. तुम्हीही बघा."

डाव्या मनगटाची नाडी मला लगेच लागली. मग तिनं उजवं पुढे केलं. मी बोट ठेवलं. सरकवलं. घड्याळ लावून पाच मिनिटं बसलो.

हात गरम होता. बोटं हलत होती.

नाडी नव्हती.