गावचा माणूस

ताराचंद साकोलीला लेकीकडे यायचे तेव्हा स्वतःचं पाणी घेऊन यायचे. पितळेचा गडवा, त्याच्या तोंडावर उपडी वाटी आणि वरून ओल्या फडक्याची घट्ट गाठ. पवनीपासून एसटीत तो गडवा मांडीत धरून बसायचे. खायला पिशवीत त्यांच्याच भट्टीतले मुरमुरे असायचे. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या दारचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. सत्यवतीच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती, मूल नव्हतं, म्हणून गडवा येतच राहिला.

तिचा नवरा भैय्यालाल पंचायत समितीच्या कचेरीत होता. दर खेपेला तो सासऱ्यांची तीच थट्टा करायचा.

"मामाजी, आमच्या विहिरीत काय रॉकेल आहे?"

"गोड असन, जावईबापू," ताराचंद म्हणायचे. "म्हणूनच नाही पेत."

दोघेही हसायचे. सत्यवती मात्र दारात ठेवलेला गडवा उचलून आत, धान्याच्या पिंपामागे ठेवायची. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची, घरी मास्तर मंडळींचं येणंजाणं असे. गडवा कुणाच्या नजरेला पडू नये असं तिला वाटे, आणि तसं वाटतं याचंही वाईट वाटे.

एकोणऐंशीच्या दसऱ्याआधी ताराचंद आले तेव्हा त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा होता. हिरड्यांतून रक्त येत होतं. नडग्यांवर निळे डाग पडले होते. भैय्यालालने त्यांना कचेरीच्या जीपने भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतला मगज काढला, काचेवर पसरला, बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहिला आणि मग सत्यवतीलाही पाहायला बोलावलं, कारण ती शिकवत होती.

जिथे पेशींची दाटी असायला हवी, तिथे रिकाम्या चरबीची जाळी होती. मधूनच एखादी पेशी, ओसाड गावात एखाद्या घरी दिवा असावा तशी.

बापाला तिने सोपं करून सांगितलं. रक्त हाडांच्या आत तयार होतं. एकाच मूळ पेशीतून तांबड्या पेशी होतात, पांढऱ्या होतात, आणि रक्त गोठवणाऱ्या बारीक चकत्याही. तांबडी पेशी चार महिने जगते, मग मोडते, तिच्या जागी नवी येते.

"म्हणजे भट्टी थंडी पडली म्हण की," ताराचंद म्हणाले. जन्मभर त्यांनी वाळू तापवून मुरमुरे फोडले होते.

"पार विझली नाही, बाबा. धुगधुगी आहे."

"मंग बाहेरून विस्तव आणा लागन."

विस्तव कुठून आणायचा हाच प्रश्न होता. त्यांचा रक्तगट ओ निगेटिव्ह. बाकी नातेवाइकांत कुणाचाच जुळेना. सत्यवतीचा जुळला. तिने विचारण्याआधीच तिला उत्तर माहीत होतं, तरी आडून विचारून पाहिलं. ताराचंदांनी मान भिंतीकडे वळवली.

"जिच्या दारचं पाणी पेत नाही, तिचं रक्त पिऊ? मरू दे मले."

म्हणून तिने त्यांना न सांगता दिलं. पडद्यापलीकडच्या खाटेवर ती आडवी झाली. शकुनबाई नावाच्या थोराड नर्सने दंडाला रबर बांधलं. काचेची बाटली हळूहळू काळसर तांबडी भरत गेली.

"म्हाताऱ्यानं विचारलं, कोणाचं रक्त आहे, तं काय सांगू व?" शकुनबाईंनी विचारलं.

"सांगा, गावचा माणूस आहे," सत्यवती म्हणाली.

शब्द तोंडातून गेले आणि तिने बाटलीवरची नजर काढून घेतली. हे शब्द ती आधीही एकदा बोलली होती.

दिवाळीच्या सुटीत ती बापाजवळ पवनीला राहिली. ताराचंदांच्या ओठांना रंग आला होता. सकाळी ते वैनगंगेच्या घाटापर्यंत जाऊन येत. गावच्या माणसासाठी त्यांनी नव्या चिन्नोर तांदळाची पिशवी भरून खुंटीला टांगली होती.

"नाव तं सांग त्याचं. पाया पडून येतो."

"त्याने सांगू नका म्हटलंय, बाबा."

"भला दिसते. पण काहून लपते बाप्पा?"

पहिल्यांदा तिला दिसलं ते त्यांचं बोट. अंगणात तांदूळ निवडताना ताराचंदांनी उजव्या हाताचं मधलं बोट नाकाच्या दांडीवर टेकवून वर सरकवलं. मग पुन्हा. चष्मा घसरला की सत्यवती असंच करायची. ताराचंदांना चष्मा नव्हता.

सुटी संपल्यावरही ती दर रविवारी पवनीला येऊ लागली. लक्ष ठेवल्यावर आणखी दिसू लागलं. जन्मभर गोडमिट्ट चहा पिणाऱ्या माणसाने साखर नको म्हटलं. पालीला कधीही न भिणारा माणूस भिंतीवर पाल दिसली की खोलीतून निघून जाऊ लागला. सत्यवतीने स्वतःला समजावलं. आजारपणात माणूस बदलतो. तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, हे ती दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवायची. रक्तात उतरण्याआधीच ती पेशी आपलं केंद्रक टाकून देते. तिच्यात कुणाचं काही लिहिलेलं नसतं. पांढऱ्या पेशींत असतं, पण त्या थोड्याच दिवसांच्या पाहुण्या. बाटलीतून गेला तो फक्त प्राणवायू वाहणारा रंग.

मग ताराचंदांना लाज वाटू लागली.

आधी त्यांनी हात लपवले. भट्टीच्या वाळूने काळवंडलेले, नखं भाजलेले हात ते गिऱ्हाईक आलं की धोतराच्या सोग्यात घेत. मग भट्टीवर बसणंच सोडलं. एके दिवशी सत्यवतीच्या शाळेचे हेडमास्तर पवनीला आले होते म्हणून भेटायला आले. एरवी ताराचंदांनी त्यांना खाटेवर बसवून गुळमुरमुरे पुढे केले असते. ते मागच्या खोलीत जाऊन बसले. हेडमास्तर गेल्यावर सत्यवती आत गेली. ते कोपऱ्यात उकिडवे बसले होते, पावलं कांबळ्याखाली दडवून.

"बाबा, बाहेर का आला नाहीत?"

"तुझे शिकलेले लोक आले. मी कायले समोर येऊ? माझे पाय पाह्य. माझं बोलणं पाह्य." त्यांनी कांबळं आणखी ओढून घेतलं. "अशी लाज मले कधी वाटली नव्हती व. कुठून आली कोणास ठाऊक. अंगात भरून राहिली."

सत्यवतीने हेडमास्तरांची कपबशी उचलली आणि बराच वेळ विसळत राहिली.

संक्रांतीच्या सुमारास त्यांचे ओठ पुन्हा फिकट होऊ लागले. एका दुपारी अंगणात उन्हाला बसले असताना ते म्हणाले, "सत्ती, मले एक जागा दिसते."

"कुठली?"

"मोठी इमारत आहे. वरच्या मजल्यावर खिडकी, तिले हिरवे गज. गजाचा रंग उडाला आहे, हाताले लागते. माझ्या बाजूले पोरी उभ्या. केसाच्या तेलाचा वास येऊन राहिला."

सत्यवतीच्या हातातली सुई थांबली. नागपूरच्या वसतिगृहाचा जिना चढून ताराचंद कधीही वर गेले नव्हते. पुरुषांना फाटकाच्या आत येऊ देत नसत.

"खाली फाटकापाशी एक माणूस उभा आहे," ते म्हणाले. "ऊन कडक. खांद्यावर पोतं. डोक्यावर टोपी, म्हणून तोंड नाही दिसत. एक पोरगी मले विचारते, कोण आहे ग तो? अन् मले त्या माणसाची अशी लाज वाटते, अशी लाज वाटते, का भुई फाटावी."

"मग?"

"मंग मी म्हणतो, गावचा माणूस आहे."

त्यांनी बोट नाकाच्या दांडीवर नेलं.

"त्यानं तोंड वर केलं का दिसन. पण तेवढ्यात सगळं विरते. रक्त कमी झालं म्हणून असन."

त्या दिवशी फाटकापाशी ते स्वतः होते. पवनीहून पोतंभर मुरमुरे घेऊन आले होते, लेकीच्या मैत्रिणींसाठी. सत्यवती खाली गेली नव्हती. गावचा माणूस आहे, बाबांनी पाठवलंय, एवढं मैत्रिणींना सांगून तिने चौकीदाराला पोतं आणायला धाडलं होतं. खिडकीपासून फाटकापर्यंतचं अंतर तिने नंतर मनात कितीदा तरी मोजलं होतं. एवढ्या वरून बोललेलं खाली ऐकू जात नाही, अशी तिने स्वतःची खात्री करून घेतली होती. ताराचंद त्या विषयावर कधी बोलले नव्हते. मात्र त्यानंतर ते वसतिगृहावर आलेही नव्हते.

आता तिच्या ध्यानात आलं की गेले कितीतरी आठवडे ती वाट पाहत होती. चार महिने भरत आले होते. तिच्या पेशी बापाच्या अंगात एकेक करून मोडत होत्या, आणि त्या संपल्या की तो माणूस टोपीखालचं तोंड वर करणार नव्हता. ती त्यांच्या संपण्याची वाट पाहत होती. त्या संपल्यावर बापाजवळ काय उरेल, तेही तिला ठाऊक होतं.

पुन्हा भंडारा. पुन्हा तोच वॉर्ड, फिनाईलचा वास, लोखंडी खाट. ताराचंदांना उठून बसवत नव्हतं. डॉक्टर बाहेर आले.

"मॅडम, तुम्ही पुन्हा देऊ शकता. पुरेसे दिवस झालेत. आजच देऊन टाकू."

शकुनबाई रबर घेऊन उभ्याच होत्या. पडद्यापलीकडे ताराचंदांचा श्वास ऐकू येत होता. सत्यवतीने बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला मागच्या सुईची खूण अजून होती, मोहरीएवढी.

एक बाटली. मग ते नव्या दमाने खिडकीत उभे राहतील, आणि खालचा माणूस वर पाहील.

"मला मागच्या महिन्यात हिवताप येऊन गेला," ती म्हणाली.

"मग नाही घेता यायचं," डॉक्टर म्हणाले. "आधी का नाही सांगितलंत? नागपूरला निरोप पाठवतो. उद्या-परवा मिळेल बहुतेक."

उद्या-परवा. हा शब्द तिने घट्ट धरला. नागपूरची बाटली अनोळखी माणसाची असेल, तिच्यात काही नसेल. बाबा वाचतील आणि खिडकीही बंद होईल. शकुनबाईंनी रबराची गुंडाळी केली. जाताना तिच्याकडे एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताराचंदांनी तिला जवळ बोलावलं. आवाज फार बारीक झाला होता.

"गावचा माणूस आला नाही ना?"

"नाही, बाबा. नागपूरहून येतंय रक्त."

"बरं झालं." त्यांनी डोळे मिटले. "त्याले सांगजो, लय दिलं. आता नको देऊ. त्याले त्रास होते."

मग तिचा हात धरून त्यांनी तो उलटा केला. बाही सरकली होती. मोहरीएवढ्या खुणेवर त्यांनी अंगठा ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

बाटली दुपारी आली. तोवर खाटेवरची चादर बदलली होती.

तेरवी आटोपून ती साकोलीला परतली. पितळेचा गडवा तिने बरोबर आणला, घासूनपुसून कपाटात ठेवला. पुन्हा शाळेत जाऊ लागली. नववीला तिने रक्त शिकवलं, फळ्यावर आकृती काढली, मुलांनी ती उतरवून घेतली.

एका दुपारी ती साकोलीच्या बसथांब्यावर उभी होती. डांबर तापलं होतं. एकाएकी तिच्या उजव्या खांद्यावर वजन आलं. पोत्याचं सुतळीचं टोक मानेला घासत होतं. भाजलेल्या वाळूचा वास येत होता. टोपीच्या काठाखालून तिने वर पाहिलं. उंचावर एक खिडकी होती, हिरवे गज, आणि गजांमागे एक मुलगी चष्मा सावरत होती. मुलीचे ओठ हलले.

खाली सगळं स्पष्ट ऐकू आलं.

बस आली आणि गेली. ती घरी परतली, तिने भैय्यालालला काही सांगितलं नाही. रक्त तिच्याकडून बापाकडे गेलं होतं. तिकडून इकडे एक थेंबही आला नव्हता.

चैत्र लागला. संध्याकाळी ती पडवीत उत्तरपत्रिका तपासत बसली होती. भैय्यालाल कचेरीतून आला, माठावरचं झाकण काढलं आणि आत डोकावला.

"सत्यवती, मी भरतो तेवढंच राहते हे पाणी. तू पितेस तरी कुठं?"

ती तपासत राहिली. शाळेच्या नळावर पीत होती. शेजारच्या मंदाबाईंच्या विहिरीवर पीत होती. इतक्या उन्हात घरी कधी तहान लागली नाही, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. जवळच, खांबाला टेकून, ओल्या फडक्यात गाठ मारलेला गडवा होता.

भैय्यालालने पेला भरून तिच्यापुढे धरला. कितीतरी दिवसांनी त्याला थट्टा सुचली.

"का व, आपल्या विहिरीत काय रॉकेल आहे?"

"गोड असन, जावईबापू," ती मान वर न करता म्हणाली. "म्हणूनच नाही पेत."

तिने पुढची उत्तरपत्रिका ओढली. भैय्यालाल पेला धरून तसाच उभा होता. तो आपल्याकडे असा का पाहतो आहे, हे तिला कळेना.