डाखापुढची तार

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात, कांद्याच्या वखारींच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. इंजिन, ब्रेक, चाकं यांना मी हात लावत नाही. फक्त वायरिंग. हॉर्न वाजत नाही, दिवा लागत नाही, बॅटरी उभ्या उभ्या उतरते, अशा गाड्या माझ्याकडे येतात. आमचे पूर्वज इथल्या महाराजांच्या फौजेत घोडेस्वार होते म्हणतात. माझ्या वडिलांच्या हातात मात्र सोल्डरिंगचं आयर्न आलं, आणि त्यांच्यानंतर माझ्या.

तुटलेली तार जोडायच्या दोन पद्धती आहेत. एक वडिलांची. दोन्ही टोकं एकमेकांत पिळायची, तापलेलं आयर्न टेकवायचं आणि कथील वितळून तारेत भिनू द्यायचं. वडील त्याला डाख म्हणायचे. जोड चांदीसारखा चकाकतो. दुसरी पद्धत क्रिम्पची. दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढ्या तांब्याच्या नळीत घालायची आणि खास पकडीनं ती नळी अशी दाबायची की तार आणि नळी एकजीव होतात. विस्तव नाही, धूर नाही. माझ्या मते ते आळशी माणसाचं काम होतं.

माझ्या मुलीच्या, नव्याच्या मते नव्हतं.

नव्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून थेट दुकानात आली. गल्लीतले लोक पहिला महिना बघायला यायचे, मग आपल्याच गाड्या घेऊन यायला लागले. ती डाख द्यायची नाही म्हणजे नाही.

“अप्पा, डाख तारेत वर चढतो,” ती म्हणायची. “जिथवर चढला तिथवर तार सळईसारखी ताठ. गाडी तर सारखी थरथरत असते. मग जिथं ताठ संपतं आणि मऊ सुरू होतं, बरोब्बर तिथं तुटते. जोडात नाही तुटत. जोडाच्या पुढं तुटते.”

“चाळीस वर्षांत माझी किती तुटली?”

“ज्यांच्या तुटल्या ते तुम्हाला सांगायला परत आले असतील का?”

तिची क्रिम्पची पकड एकदा फरशीवर पडली आणि जबड्याचा बारीकसा टवका उडाला. तेव्हापासून तिच्या प्रत्येक जोडावर, तांब्याच्या नळीच्या कडेला, तिळाएवढा उंचवटा उमटायचा. मी म्हणालो, नवीन घेऊ. ती म्हणाली, “असू दे. सही आहे माझी.”

दोन हजार बावीसच्या ऑगस्टमध्ये ती आमची जुनी व्हॅन घेऊन हुणसूरला गेली. तिथल्या एका तंबाखूवाल्याच्या ट्रॅक्टरचं वायरिंग करायचं होतं. व्हॅनच्या पुढच्या दिव्यांची मूळ तार मी महिन्यापूर्वी डाख देऊन जोडली होती. निघायच्या आधी ती म्हणाली, “ती कापून क्रिम्प करून टाकते, दहा मिनिटांचं काम.” मी म्हणालो, “माझ्या कामाला हात लावायचा नाही.” ती हसली आणि गेली.

परत येताना, येलवालच्या अलीकडे, संध्याकाळी सव्वासहाला, पावसानं अंधारून आलेलं असताना, ती उभ्या लॉरीवर मागून आदळली आणि त्यातच गेली. एक बघणारा म्हणाला, व्हॅनचे दिवे बंद होते. दुसरा म्हणाला, चालू होते. कागदावर ‘पावसामुळे दिसलं नाही’ असं आलं. मी कुणाला काही विचारलं नाही. शेजारी रेडिएटरचं दुकान असलेल्या शरतची येलवालला मोकळी जागा आहे. त्यानं व्हॅन तिथं ओढून नेऊन ठेवली. मी बघायला गेलो नाही.

तीन महिन्यांनी दुकान उघडलं. उघडल्यावर मी डाखच देत राहिलो. कारण कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सवय. खरं असं की पद्धत बदलली असती तर कबूल केल्यासारखं झालं असतं.

पुढच्या वर्षी कमलिनीबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेची गाडी आली. इंडिकेटरची तार शोधता शोधता मी एक जुनी पट्टी सोडली. आत क्रिम्प होता. नळीच्या कडेला तीळ. मी हातातली पट्टी तशीच धरून उभा राहिलो. मला ती तार मीच जोडल्याचं आठवत होतं. पण गाडी जुनी, वेळोवेळी आलेली. नव्यानं कधीतरी माझ्यामागं बदलली असेल. मी पट्टी परत गुंडाळली. त्या दिवशी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

मग मिलिंदची गाडी आली. हा पुण्याचा, इथं एका कंपनीत इंजिनिअर. नव्या गेल्यानंतर वर्षभरानं म्हैसूरला आला आणि तेव्हाच त्यानं गाडी घेतली. दसऱ्याला मी तिच्या हॉर्नच्या तारेला डाख दिला होता. मला तो जोड नीट आठवत होता, कारण त्याला मी दोनदा आयर्न लावलं होतं. जानेवारीत तो पंख्याच्या कामासाठी आला. हॉर्नची पट्टी माझीच, मी गुंडाळतो तशी, डावीकडून. आत डाख नव्हता.

“मध्ये कुणाकडे दाखवलीत का गाडी?”

“नाही हो काका. सर्व्हिसिंगही राहिलंय. का, काही झालंय का?”

“नाही. जोड चांगला आहे.”

“मग तुम्ही एवढे...” तो थांबला. “पाणी देऊ का? बसा जरा.”

मी बसलो. माझं वय एकसष्ट. माणूस विसरतो, दुःखात जास्त विसरतो, हे मला मान्य आहे. म्हणून मी ते तपासायचं ठरवलं.

शरतच्या जीपला मागच्या दिव्याचं काम होतं. मी त्याच्यासमोर डाख दिला. त्याला हात लावून बघायला सांगितलं. वर पट्टी गुंडाळली आणि पट्टीवर पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढला, असा की पट्टी हलली तर रंगाला भेग पडेल. जीप माझ्या दुकानात, शटर बंद, किल्ली माझ्या खिशात. तिसऱ्या दिवशी सकाळी शरतला बोलावलं आणि शटर वर केलं.

रंगाला भेग नव्हती. मी ब्लेडनं पट्टी कापली.

शरतनं वाकून बघितलं. तांब्याची नळी नवी होती. तिच्यावरचा तीळ त्यानं नखानं चाचपला. आमच्या दुकानात नव्याच्या हातचा चहा तो रोज प्यायलेला होता.

“अण्णा,” तो शेवटी म्हणाला, “ही जीप मी घेऊन जाऊ ना?”

“ने.”

“वायर ठीक आहे ना?”

“माझ्यापेक्षा चांगली आहे.”

त्या दुपारी मी घरी गेलो. पोलिसांनी नव्याच्या वस्तू एका पिशवीत दिल्या होत्या. घड्याळ, एक चप्पल, ओढणी आणि ती पकड. माझ्या बायकोनं, अंबुजानं, पकड त्याच ओढणीत गुंडाळून कपाटात साड्यांच्या खाली ठेवली होती. मी किल्ली मागितली. तिनं का म्हणून विचारलं नाही.

ओढणीच्या गाठी आवळलेल्या होत्या. कापडाला येलवालचा लाल चिखल वाळून चिकटला होता. पकडीच्या दांड्यांवर गंज चढलेला. जबडा मात्र स्वच्छ होता. टवक्याच्या खाचेत तांब्याचा बारीक, लखलखीत कीस अडकला होता.

“तू पुसतेस का हे?”

“मी ती गाठसुद्धा सोडली नाही हो अजून,” अंबुजा म्हणाली. ती पलंगाच्या कडेवर बसली. पकडीकडे बघून ती घाबरली नाही, याचंच मला भय वाटलं.

“शरतनं फोन केला होता,” ती म्हणाली. “सांगितलं मला.”

मी जबड्यावरून अंगठा फिरवला.

“सव्वा वर्ष लोकांच्या गाड्या उघडताय. आपली उघडली का?”

“काय बघायचंय त्यात?”

“मला विचारता?” तिचा आवाज चढला नाही. “तुम्हाला ठाऊक आहे म्हणून जात नाही, का ठाऊक नाही म्हणून जात नाही, तेवढं तरी सांगा.”

तिनं उठून पकड माझ्या पिशवीत घातली. “सुम्ने, उगाच इथं बसू नका,” म्हणाली. “जा.”

दुसऱ्या दिवशी हुणसूरच्या बसनं मी येलवालला उतरलो. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. दुकानातल्या नव्याच्या डब्यातून मी तांब्याच्या नळ्या आणि वर चढवायच्या रबरी नळीचे तुकडे घेतले होते. का घेतले, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. शरतच्या जागेला तारेचं कुंपण आहे. आत घाणेरीची झुडपं माजली होती. व्हॅन त्यांच्यात अर्धी बुडालेली, नाक आत दबलेलं. ड्रायव्हरच्या बाजूला मी बघितलं नाही.

पुढचा पत्रा कुंपणापाशी पडलेल्या पहारीनं उचकटावा लागला. तारांचा जुडगा खाली लोंबत होता.

हॉर्नची तार माझी होती. क्रिम्प केलेली होती. वायपरची तार माझी होती. क्रिम्प केलेली होती. पंख्याची, रेडिओची, अर्थिंगची, एकेक करत मी सगळ्या पट्ट्या सोडल्या. दोन पावसाळे खाल्लेल्या त्या पत्र्यात प्रत्येक जोड नवा होता, आणि प्रत्येकावर तीळ होता.

एकच पट्टी उरली. पुढच्या दिव्यांची मूळ तार.

ती माझी पट्टी होती. हाताला आतला जोड जाड आणि ताठ लागला. डाख.

सगळीकडे येऊन गेलेली नव्या फक्त इथं आली नव्हती. तिथवर पोचली नव्हती, की मुद्दाम माझ्यासाठी ठेवली होती, हे मला आजही ठरवता येत नाही. ती तार न बघताच कापून टाकली असती तर मला आयुष्यभर कळलं नसतं. एक क्षण मला तेच हवं होतं, हे मी लपवत नाही.

मी पट्टी सोडली.

डाख अखंड होता. काळवंडलेला, पण अखंड. मी तार बोटांत धरून हळूच वाकवली. जोडापासून अर्ध्या बोटावर, वरच्या आवरणाच्या आत, ती लुळी पडली. आवरण सोललं. आतले सगळे धागे तुटलेले होते, एका रेषेत, सुरीनं कापल्यासारखे.

जोडात नाही. जोडाच्या पुढं.

मी चाकाला टेकून खाली बसलो. रस्त्यानं बसेस जात होत्या. किती वेळ रडलो ते माहीत नाही. शर्टाची बाही ओली झाली होती.

“तुझं खरं होतं गं,” मी म्हणालो. “माझ्यामुळं गेलीस.”



मग मी उठलो. ज्या गाडीला दिवेच उरले नाहीत तिच्या दिव्यांची तार मी दुरुस्त करायला घेतली. डाख कापून काढला. टोकं सोलली. आधी एका टोकावर रबरी नळी सरकवली. मग तांब्याची नळी, मग दुसरं टोक. तिच्या पकडीनं दाबलं. आयुष्यातला माझा पहिला क्रिम्प. जोड बसला. ओढून बघितला, सुटला नाही.

रबरी नळी मी जोडावर मधोमध आणली. ती सैल असते. ऊब दिली की आवळून तारेला घट्ट बसते आणि मग आत पाणी शिरत नाही. दुकानात त्यासाठी गरम हवेची विजेवरची गन आहे. इथं वीज नव्हती. मी बिडी ओढत नाही. खिशात काडीपेटीही नव्हती. ते एवढं एक राहिलं.

“राहू दे,” मी म्हणालो आणि हात मागे घेतला.

माझ्या मनगटाला कढत हवेचा झोत लागला.

तापलेल्या रबराचा वास आला. माझ्या डोळ्यांदेखत ती नळी मधोमध आवळली, आणि मग अगदी सावकाश, घाई न करता, दोन्ही टोकांकडे आवळत गेली.