अकरावा फोटो

शनिवारी दुपारी बाबा आणि मी स्टुडिओच्या मागच्या खोलीत फिल्म भरत बसलो होतो. लोडरच्या काळ्या पेटीत फिल्मची मोठी गुंडाळी, पेटीला बाहेरून हँडल, आणि एका कप्प्यात रिकामी डबी. हँडल फिरवलं की फिल्म डबीत गुंडाळत जाते आणि एका फोटोइतकी फिल्म गेली की टिक असा आवाज येतो. हँडल बाबांकडे, मोजणं माझ्याकडे. सुट्टीतल्या शिबिराच्या आधी दर वर्षी आम्ही असेच बसायचो. मुलांना दहाच फोटोंचे रोल द्यायचे, हा त्यांचा नियम होता. छत्तीस दिले की पोरं उधळतात, दहा दिले की बघायला लागतात, असं ते म्हणत.

"आठ, नऊ, दहा. बास."

"नक्की?"

"बाबा, मला दहापर्यंत येतं."

"तुझ्या गणिताच्या बाईंचं मत वेगळं होतं."

फॉर्म भरलेली मुलं नऊ होती. नऊ डब्या झाल्यावर त्यांनी दहावी उचलली.

"ही कुणाची?"

"तुझी. सव्वीस वर्षांत एकदाही कॅमेरा हातात धरला नाहीस. आता धर. मी काही कायमचा पुरणार नाही."

का धरला नाही, ते त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

मी पंधरा वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी आईला हॉस्पिटलात न्यायचं होतं, जिथून ती परत आली नाही. त्या दुपारी बाबांनी गच्चीवर तिचे फोटो काढले आणि कुणी गिऱ्हाईक आलं म्हणून कॅमेरा खोलीतल्या टेबलावर ठेवून ते खाली गेले. रोल संपला की ते तो तिथल्या तिथे उलटा गुंडाळून घेत. त्यात ते कधी चुकत नसत. मी गुंडाळलेलाच धरून चालले आणि कॅमेऱ्याची पाठ उघडली. आत फिल्म खिडकीच्या उजेडात लखलखत होती. मी पाठ लावली, कॅमेरा होता तसा ठेवला आणि कुणालाच काही बोलले नाही. महिन्याभरानं, आई गेल्यानंतर, बाबांनी तो रोल धुतला. टाकीतून काळीकुट्ट पट्टी निघाली. ते बराच वेळ ती धरून उभे होते. मग म्हणाले, "माझ्याच हातून उघडला गेला असणार."

मी तेव्हा नाही म्हणाले नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक शिबिराचा पहिला धडा ठरून गेला. कॅमेऱ्यात रोल भरला की पाठीवर कागदी पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर ‘भरलेला’ असं लिहायचं. का, ते बाबा मुलांना हसत सांगायचे: "मी एकदा न बघता पाठ उघडली आणि माझ्या बायकोचे शेवटचे फोटो घालवले. तुम्ही माझ्यासारखा बावळटपणा करू नका." बहुतेक वर्षी मी तिथेच असायचे, हजेरी लिहीत.

त्या शनिवारी मी सांगणार होते. घरून ठरवूनच निघाले होते. दहाव्या डबीचं हँडल फिरायला लागलं आणि मी "बाबा, एक सांगायचंय" म्हणाले. "आधी मोज," ते म्हणाले. मी मोजलं. मग शेजारचे फ्रेमवाले काका चहा घेऊन आले, मग अंधारून आलं म्हणून मी निघाले. रविवारी सकाळी बाबा अर्धा चहा तसाच ठेवून गेले.

दहा दिवसांनी शिबिर रद्द झाल्याचं कळवायला मी फोन करायला बसले. पहिलाच फोन अकरा वर्षांच्या एका मुलानं उचलला.

"आजोबा वारले, ते आईनं सांगितलं. पण रोल भरून झालेत ना?"

"हो, झालेत."

"मग ते वाया जाणार?"

"तुझी आई कुठे आहे?"

"अंघोळीला. तुम्हाला येतं का शिकवायला?"

याचं नाव पुढे शंकासुर पडलं. बाकीचे आठ फोन मी केलेच नाहीत.

सोमवारी नऊच्या नऊ मुलं आली, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी. शेजारच्या दुकानातले फ्रेमवाले काका मदतीला आले. बाबांबरोबर तीस वर्षं काढलेला माणूस, रसायनांची मापं त्यांना तोंडपाठ. मी कॅमेरे वाटले. मुलांनी ते आधी हुंगले, मग कानाशी नेऊन शटर ऐकलं. "स्क्रीन कुठंय?" कुणीतरी विचारलं. "डोक्यात," चष्मिश म्हणाली. ती चौदा वर्षांची, सगळ्यात मोठी, आणि तिला सगळं आधीच माहीत असे.

मग पहिला धडा. पट्टी चिकटवायला सांगितली. "का?" शंकासुर म्हणाला. नऊ चेहरे माझ्याकडे.

"आजोबांनी एकदा न बघता पाठ उघडली होती," मी म्हणाले. पुढचं सगळं त्यांच्याच शब्दांत सांगितलं, बावळटपणासकट. मुलं हसली. कॅमेऱ्यांवर पट्ट्या लावणारे काका हसले नाहीत. पण त्यांना काही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

दुपार मात्र झकास गेली. दहाच फोटो म्हटल्यावर मुलं एकेका फोटोसाठी भांडली, पोटावर झोपली, सलूनवाल्याच्या आरशात स्वतःला शोधत राहिली. दोघी बहिणींतली धाकटी एका सायकलच्या चाकासमोर वीस मिनिटं बसली आणि शेवटी तिनं तो फोटो काढलाच नाही. "उद्या ऊन बरं असेल," ती म्हणाली. बाबांना ती फार आवडली असती. बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली होती.

मंगळवारी रोल धुवायला घेतले. पहिला चष्मिशचा. फोटो पक्का करणाऱ्या हायपोतून काढून पाण्याखाली धरलेली पट्टी तिनं उजेडाकडे उचलली तेव्हा सगळी तिच्या खांद्यांवर चढायची बाकी होती.

"आलंय. सगळं आलंय. ए, ढकलू नका."

तिनं मोजायला सुरुवात केली. खुर्च्या, आरसे, कुत्रा, जिना. दहाच्या पुढे तिचं बोट थांबलं.

"ताई, हा मी नाही काढला."

अकरावा फोटो होता. निगेटिव्हमध्ये उलटं दिसत असूनही कळत होतं: गच्चीचा कठडा, दोरीवर वाळत घातलेली चादर, आणि चादरीत भरलेला वारा.

"दहानंतर बटण दाबलंस?"

"लिव्हरच पुढे जात नव्हता. काका होते ना तिथे."

काकांनी मान डोलावली. मी फूटपट्टी आणली. दहा फोटोंच्या फिल्मची जेवढी लांबी असायला हवी तेवढीच होती. फोटो अकरा होते, सगळे सारख्याच मापाचे. मी दोनदा मोजलं.

दुसरा रोल शंकासुराचा. त्याच्या दहा फोटोंत सहा वेळा त्याचाच अंगठा होता. अकराव्यात तोच कठडा, तीच चादर, आणि चादरीच्या कडेला एका बाईचं कोपर.

"हा अंगठा माझा, हे कोपर माझं नाही," तो म्हणाला.

पाच वाजेपर्यंत चार रोल दोरीवर वाळत होते. चारांत चार अकरावे फोटो. चौथ्यात बाई चादर बाजूला सारत होती. मुलांना आता धीर नव्हता. आजोबांनी कोडं घातलंय, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. जाताना त्यांना दाराबाहेर काढावं लागलं.

मुलं गेल्यावर काकांनी चौथी पट्टी दिव्यासमोर धरली.

"या वहिनी आहेत," ते म्हणाले.

"हो."

"गुंडाळी जुनी असेल. कधीतरी काढून ठेवलेले फोटो असतील."

"गुंडाळीच्या डब्याचं सील बाबांनी माझ्यासमोर तोडलं, काका. आणि ती गच्ची पाडून पंधरा वर्षं झाली."

त्यांनी चष्मा काढून शर्टानं पुसला आणि परत लावलाच नाही. "मग मला विचारू नकोस पोरी," ते म्हणाले. "मी फक्त फ्रेमा करतो."

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी लहान पोरीसारखी उतावीळ झाले होते. पाच रोल उरले होते. त्या प्रत्येकात आई होती.

बुधवारी ते पाचही निघाले. मुलांनी नऊ अकरावे फोटो कागदावर छापले आणि मोठ्या टेबलावर मांडले. चष्मिशनं ते कठड्याच्या सावलीवरून लावून घेतले, आखूड सावली आधी, लांब नंतर. आई चादरीमागून आली. वळली. तिनं केस कानामागे घेतले. कुणाच्या तरी बोलण्यावर हसली. हसताना ती तोंडावर हात धरायची, हे मी विसरले होते. मग एकेका फोटोत ती कॅमेऱ्याच्या जवळ येत गेली. नवव्या फोटोत जवळजवळ तिचा तळहातच होता, त्यावरच्या रेषा मोजता येतील इतका स्वच्छ.

"फोटो नको म्हणतायत," मोठी बहीण म्हणाली.

"नाही गं," धाकटी म्हणाली. "कॅमेरा मागतायत. आई नाही का करत? ‘दे इकडे, आता तुझा काढते.’"

सगळी परत त्या तळहाताकडे बघायला लागली.

"पुढचा कुठाय?" शंकासुरानं विचारलं.

"नऊच रोल होते."

"दहा होते. तुमच्या खणात एक आहे. मी बघितलाय."

"दुसऱ्याच्या खणात बघायचं नसतं."

"पट्टी नव्हती त्याच्यावर."

मी तो भरलाच नव्हता. आता नऊ जणं मला हलू देईनात. चष्मिशनं बाबांचा जुना कॅमेरा आणून माझ्या हातात ठेवला. पाठ उघडण्याआधी मी तो दोनदा उलटसुलट करून बघितला. मुलांना वाटलं, मला येत नाही, आणि तिघांनी एकदम शिकवायला सुरुवात केली. फिल्मचं टोक खाचेत गेलं, लिव्हर फिरला, पाठ लागली. धाकटीनं पट्टी चिकटवली आणि तिच्यावर ‘भरलेला, ताईचा’ असं लिहिलं.

तासाभरात दहा फोटो झाले. मी मुलांचेच काढले. हातांना सगळं आठवत होतं: श्वास कुठे धरायचा, कधी सोडायचा. शंकासुर चौकटीत मावावा म्हणून मी मागे मागे जात कचऱ्याच्या डब्यावर आपटले, आणि सगळी इतकी हसली की नववा फोटो आपोआप झाला. सव्वीस वर्षं मी हे कशासाठी सोडलं होतं, असं वाटलं. मग आठवलं, कशासाठी.

रोल मीच धुतला. वाळल्यावर पट्टी उजेडात बघितली नाही. सरळ छपाईच्या एन्लार्जरमध्ये घातली, अकराव्या फोटोवर. डार्करूममध्ये लाल दिवा होता. नऊ मुलं ट्रेभोवती दाटीनं उभी होती आणि काका दाराशी. मी कागद डेव्हलपरमध्ये सोडला आणि ट्रे हलवत राहिले.

आधी खिडकी आली. मग टेबल.

मग टेबलापाशी उभी असलेली एक मुलगी. दोन वेण्या, शाळेचा फ्रॉक. तिच्या हातात कॅमेरा, कॅमेऱ्याची पाठ उघडी.

"ही कोण?"

सगळी ट्रेवर आणखी वाकली.

"पट्टी न बघता उघडतेय," धाकटी हळूच म्हणाली.

"पण तो आजोबांनी उघडला होता ना? ताईंनी सांगितलं."

कागद अजून गडद होत होता. मुलीच्या मागे दार आलं. दारात एक माणूस उभा होता. आधी नुसता शर्ट दिसला, मग हात, मग चेहरा.

"आजोबा," चष्मिश म्हणाली. "फॉर्म भरायला आलो तेव्हा अस्सेच होते."

तसेच होते. मुलगी पंधराची होती. दारातल्या माणसाचे केस पूर्ण पांढरे होते, खांदे यंदाच्या उन्हाळ्याइतके उतरलेले. त्या वर्षी ते पंचेचाळीसचे होते. मला त्यांचे काळेभोर केस आठवतात.

त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. मुलीकडे बघत होते, अजिबात घाई नसल्यासारखे.

मी कागद हायपोत टाकला. काकांनी दाराला पाठ टेकली.

"ताई," शंकासुर म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "या मुलीच्या हातातला कॅमेरा उघडा आहे. आजोबांच्या हातात काही नाही. मग हा काढला कोणी?"

हायपोच्या ट्रेमध्ये फोटो हलत होता. मी ट्रेला हात लावलेला नव्हता.

मी त्या पांढऱ्या केसांकडे बघितलं.

"बाबा," मी म्हणाले. "तो कॅमेरा तुम्ही नाही उघडलात. मी उघडला होता."