काचेतलं लेकरू

रात्रीचे आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती, तेव्हा दिल्लीहून नागपूरला येणारं विमान जमिनीवरून उठलं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण प्रज्ञानं काढलेल्या पहिल्या फोटोवर तीच वेळ आहे. नऊ जानेवारी दोन हजार चोवीस, मंगळवार.

ही हकिकत बोरगावच्या शालिकरामबाबांनी सांगितली. जेवणं झाली होती, ओट्यावर सगळे गोधड्या पांघरून बसले होते. बाबांचा नातू अंकुश पहिल्यांदाच विमानात बसून आला होता आणि मोबाईलवर खिडकीतले फोटो दाखवून दाखवून त्यानं सगळ्यांचं डोकं पिकवलं होतं. त्याची बहीण डिंपल, मांडीवर तीन महिन्यांचं लेकरू, म्हणाली, "मी गेली तर बाळाले खिडकीत बसवूनच फोटो काढीन."

"रातच्या विमानात काढशीन तर आधी माहं आयकून घे," बाबा म्हणाले.

"काऊन बाबा? भूत हाये काय तिथं? त्याले तिकीट कोनं देल्लं?" अंकुश हसला.

"हस बे पोट्ट्या. त्या रातची गाडी म्या चालवली हाये."

बाबा तेव्हा नागपूरच्या उत्तरेला सौंसरला राहायचे, भाड्याची गाडी चालवायचे. प्रज्ञा म्हणजे त्यांच्या शेजारच्या शांताबाईची पोरगी. नवरा अतुल दिल्लीकडे कंपनीत, त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सहा महिन्यांचा बाबू घेऊन ती एकटीच माहेरी निघाली होती. जन्मल्यापासून बाबूला आजीनं पाहिलं नव्हतं.

निघायच्या आधी शांताबाईनं फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या. ती जन्मभर संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला जाणारी बाई. रोज डोक्यावरून विमान जायचं, ती फांदीखालून मान वर करून पाहायची. म्हणाली, "इतले वर्सं म्या त्याले खालून पायलं. तू वरून आपलं गाव पाय, अन् मले एक फोटो काढून आन."

दुसरी गोष्ट, "पोराले अजून दात नाही आले. पहिल्यापासून सांगून राह्यली, आरसा नको दाखवू."

"आई, आपल्या घरी हे मानतेत काय?"

"मी बी नाही मानत वं. पन नको दाखवू."

प्रज्ञा हसली. तरी दिल्लीच्या खोलीतल्या आरशावर सहा महिने टॉवेल टाकलेला होता. आईचा शब्द मोडवत नाही, मग मानो की न मानो. पण रात्री विमानाची खिडकी म्हणजेही आरसाच, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. कसं येणार? ती पहिल्यांदाच बसली होती.

विमान धावायला लागलं. बाबूचं टोपरं खाली पडलं, ते शोधायला तिनं डोक्यावरचा छोटा दिवा लावला. टोपरं सापडलं, दिवा तसाच राहिला. चाकं सुटली, खाली दिल्ली नुसते दिवे सांडल्यासारखी दिसत होती. तिनं मोबाईल काचेजवळ धरून फोटो काढला.

फोटो चांगला आला. दिव्यांच्या वर काचेत बाबूचं तोंडही आलं होतं. खुदकन हसणारं. अतुलला पाठवू म्हणून तिनं दोन बोटांनी तो मोठा केला.

बाबूला वर दोन दात होते.

तिनं मांडीकडे पाहिलं. बाबू झोपला होता. गाढ.

"मंग?" डिंपलनं आपलं लेकरू जवळ ओढलं.

मग काय. प्रज्ञानं दिवा बंद केला. खिडकीचा पडदा खाली ओढला. मनाशी म्हणाली, काच हाये, उजेड हाये, दुसऱ्या कोनाचं लेकरू असन मागच्या सीटवर. उठून मागं पाहिलं. मागच्या सीटवर एक म्हातारा घोरत होता.

बाबू उठेना. दुधाची वेळ झाली, टळून गेली. तिनं गाल हलवला. तळपाय चोळले. श्वास चालू होता, पण अंग थंड. विमानात गारठा असते, असं तिनं स्वतःला सांगितलं. शाल गुंडाळली. तरी थंडच.

आणि पडद्यावर वाजलं.

टक.

बाहेरून.

टक... टक...

जोराचं नाही. लहान मुलाच्या मुठीएवढं.

शेजारचा माणूस कानात गाणी घालून बसला होता. तिनं त्याला हात लावला नाही. सांगणार काय?

तेवढ्यात पायलट बोलला, अर्ध्या तासात नागपूर. हवाई सुंदरी एकेक रांग तपासत आली. "मॅडम, विंडो खोल दीजिए. लँडिंग है."

"बच्चा सो रहा है," प्रज्ञा म्हणाली.

"मॅडम, नियम है."

सगळे दिवे मालवले गेले. विमानात अंधार. अंधारात काचेला आरसा होता येत नाही, हे अंकुशलाही ठाऊक आहे, तुम्हालाही. प्रज्ञानं पडदा वर केला.

काचेत एक बाई होती.

तोंड दिसत नव्हतं. खिडकी केवढी असते... गळ्यापासून खाली तेवढी दिसत होती. जुनी साडी. दोन हात. आणि हातात बाबू. जागा. डोळे उघडे. हसत.

प्रज्ञाचं स्वतःचं प्रतिबिंब काचेत नव्हतंच.

आणि मांडीवरचा बाबू... जड. थंड.

बाबांनी बिडी पेटवली नाही, नुसती बोटात धरली.

"ओरडली काय ते?" अंकुशनं हळूच विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "हेच तर सांगून राह्यलो. ओरडली नाही."

प्रज्ञा काचेजवळ सरकली. इतकी, की नाक टेकलं.

"कोन हायेस वं तू?"

काचेतले हात बाबूला जोजवत राहिले.

"माहं लेकरू हाये ते."

हातांनी बाबूला आणखी जवळ घेतलं.

"उपाशी हाये तो. आठ वाजेपासून उपाशी."

त्या हातांची हालचाल थांबली.

प्रज्ञानं पदर घेतला, मांडीवरचं थंड लेकरू उचललं आणि छातीशी लावलं. तिथंच. काचेसमोर. त्या बाईला दिसेल असं.

"तुयाजवळ दूध हाये काय? असन तर पाज. पाज त्याले, मी पायते इथं बसून. पाज ना!"

काचेतल्या बाईचे हात जरा सैल झाले.

"नाही ना? मंग दे इकडं. लेकरू हातात घेतलं म्हून आपलं होत नाही. लेकरू भुकेलं ठेवन अशी तर कोनतीच माय नाही. दे!"

खाली दिवे सरकत होते. विमान वळलं. पंख खाली झुकला.

ते हात बराच वेळ तसेच राहिले.

मग एक हात वर गेला... जसं आपण डोळे पुसतो तसा.

आणि प्रज्ञाच्या छातीला ओढ लागली. बाबू प्यायला लागला. घटाघट. मग सोडून असा रडला, की पुढच्या तीन रांगा वळून पाहू लागल्या. काच काळी. मधात कोणी नाही.

"आता सरक तिकडं," प्रज्ञा काचेला म्हणाली. "माह्या मायले गाव दाखवाचं हाये." एका हातात पोर धरून तिनं फोटो काढला. सौंसरचे दिवे, बाजूला काळोख. वेळ, दहा वाजून तीन मिनिटं.

नागपूरच्या विमानतळाबाहेर ती बाबांच्या गाडीत बसली. "जय भीम, मोठेबाबा," एवढंच बोलली. सावनेरला चहाला गाडी थांबवली, तेव्हा सगळं सांगितलं. वर म्हणाली, "मी भुताबितांले मानत नाही. पन कोनी माहं लेकरू मांगीन, तर तो कोनीही असो, मी देत नाही."

रात्री पाऊण वाजता घर आलं. शांताबाईनं नातू मांडीवर घेतला, शेकायला म्हणून शेगडीजवळ बसली आणि त्याचा मोजा काढला. पांढराशुभ्र लोकरीचा मोजा, विमानात बसताना घातलेला, मधात कोणी काढलाच नव्हता.

डाव्या तळपायावर काजळाचा टिक्का होता. गोल. करंगळीच्या टोकाएवढा.

शांताबाईनं बोट लावून पाहिलं. ओला होता. मोज्याला आतून डाग नाही.

प्रज्ञाकडे काजळाची डबी नव्हती.

"मंग पुसला काय?" डिंपलनं विचारलं.

"म्या पायला तो, शेगडीच्या उजेडात. प्रज्ञा म्हने, राहू द्या."

बाबा उठले, गोधडी झटकली.

"डिंपल, तुह्या मैत्रिणी जातेत-येतेत विमानानं. सांगजो त्याहिले. फोटो खुशाल काढा. पन लेकरू जर थंड पडलं, अन् काचेत दुसऱ्याच्या हातात दिसलं, त पडदा खाली ओढू नका, डोये मिटू नका. छातीशी धरा अन् मांगा. पुढच्या बाईलेही सांगाले लावजो. देते ते, काचेतली."