दुपारपुरते दात

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मामांच्या घरात घडलंय. अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. भर दुपारी, डोक्यावर पंखा फिरत असताना.

मामा कवळ्या बनवतात. दवाखान्यांतून तोंडाचे साचे घरी येतात, मामा त्यावर दात बसवतात आणि दुपारी तयार माल पोचवायला निघतात. नेमक्या त्याच वेळी मामी झोपतात. त्यांची कवळी पेल्यात, पेला बाहेरच्या खोलीत टेबलावर. फोनने झोपमोड झाली की संध्याकाळपर्यंत घर डोक्यावर!

म्हणून मामांनी जुन्या कॉम्प्युटरला फोनची वायर जोडली आणि घंटा बंद केली. फोन आला की कॉम्प्युटरच उचलायचा, मामांच्या आवाजात "निरोप ठेवा" म्हणायचा आणि पलीकडचं बोलणं साठवायचा.

"बिनपगारी नोकर," मामा मिशीत हसायचे.

काही दिवस सगळे निरोप दवाखान्यांचेच आले.

मग एक वेगळाच आला...

चप्... चप्...

ओलसर. चिकट. कोणीतरी फोनला तोंड लावून नुसतंच चघळत होतं.

"शी! काय घाणेरडी माणसं असतात," म्हणत मामांनी तो पुसून टाकला.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. लाळ आत ओढल्याचा आवाज... आणि शब्द.

"माजे... दे..."

मामांचा हात माऊसवरच राहिला. बिनदातांचं बोलणं ते रोज ऐकतात. हे तसंच होतं.

आणि आवाज ओळखीचा होता.

गल्लीतल्या शिंपीकाकांचा.

शिंपीकाका मागेच वारले होते. मामांनी केलेली त्यांची कवळी सून परत घेऊन आली होती. "घरात ठेवायला किळस वाटते हो, फेकून द्या."

मामांनी फेकली नाही. त्याच सुमारास मामींची कवळी बेसिनमध्ये पडून फुटली होती, आणि त्यांना शोभतील असे पिवळसर दात कुठे मिळेनात. शिंपीकाकांचे अगदी तसेच होते. मामांनी ते सुटे केले, उकळले, नव्या गुलाबी हिरडीवर बसवले. दोरा तोडून तोडून पुढच्या दाताला खाच पडली होती, ती घासून टाकली.

मामींना मात्र चकार शब्द सांगितला नाही. कळलं असतं तर त्यांनी पुन्हा मामांचं तोंड पाहिलं नसतं.

मेलेल्या माणसाचे दात, आणि आपण ते बायकोच्या तोंडात घातले! त्यांनी लगेच नवी कवळी करायला घेतली. उद्या संध्याकाळपर्यंत होणार होती. प्रश्न फक्त एका दुपारचा होता.

त्या दुपारी माल पोचवून मामा धावतपळत घरी आले. मामी आत घोरत होत्या.

एक निरोप होता.

या वेळी शब्द स्वच्छ होते.

"मिळाले बरं का. दुपारपुरते मिळाले तरी पुरे. बाई उठायच्या आत जागेवर ठेवतो."

कट्... दोरा तोडल्याचा आवाज.

मग खाण्याचा. हावरट, ओला, मिटक्या मारत. संपेचना. मामा डोळे मिटून, तोंडावर हात दाबून ऐकत राहिले. मामी कधी उठून, कवळी घालून मागे आल्या, त्यांना कळलंच नाही.

"अहो, पेल्यातलं पाणी बदललं नव्हतं का? दातांत काहीतरी कचकचतंय."

मामा वळले. पेला रिकामा होता, तळाशी चिखल. मामींच्या ओठांवर ओली, काळी माती...

"थुंक! आधी थुंक!"

"आता काय थुंकू? गिळलं की."

ती कवळी मामांनी हातोडीने फोडली. कॉम्प्युटरची वायर काढली. नवी कवळी दुपारी कपाटात कुलूपबंद असते. मामींना अजून काही माहीत नाही.

पण झोपून उठल्या की मामी रिकाम्या तोंडाने चघळत बाहेर येतात...

"आज पण मातीचीच चव आहे हो," म्हणतात, आणि मिटक्या मारतात.

मी त्यांच्याकडे जेवायला जाणं सोडलंय.