आईच्या उशाची पट्टी

आमच्या घरात एक नियम होता आणि त्याला ‘का’ विचारायची सोय नव्हती. एकदा वाचलेली पट्टी पुन्हा मशीनखाली ठेवायची नाही.

पट्टी म्हणजे नखाएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा. जमिनीतून घरात झिरपणाऱ्या किरणोत्सारी वायूतून सुटणारे कण त्यावर आदळतात. मग कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात बुडवली की त्या जागी सूक्ष्म खड्डे दिसू लागतात. लोकांच्या घरांत टांगलेल्या पट्ट्या आमच्याकडे तपासायला येत. पूर्वी आई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते खड्डे मोजायची. नंतर बाबा आणि काकांनी मशीन आणलं. ते फोटो काढतं आणि प्रत्येक खड्ड्याभोवती लाल गोल करतं. द्रावणातून निघालेल्या पट्टीवर नवा खड्डा दिसूच शकत नाही. हे शास्त्र आहे, बाबांचा नियम नव्हे.

आई गेल्यावर एका दुपारी मी प्रयोगशाळेची खोली आवरत होते. आजारपणात तिच्या उशाशी टांगलेली पट्टी एका डबीत सापडली. वाचून झालेली. मी ती मशीनखाली ठेवली. तिचं काहीतरी बघायचं होतं, बस्स.

मशीनमधल्या जुन्या आकड्यापेक्षा गोल जास्त होते. पुन्हा वाचली. आणखी जास्त... नवे खड्डे सगळे लांबट. कण तिरका आला की असा खड्डा पडतो, आणि तो कुठून आला हेही त्यावरून कळतं. मी पट्टी फिरवून पाहिली. तरी नवे खड्डे माझ्याच खुर्चीच्या मागून आलेले. खांद्याच्या उंचीवरून. कॉस्टिकच्या उग्र वासात आई आजारपणात लावायची त्या बामचा वास मिसळला होता.

“कोणी सांगितलं होतं ही लावायला?” बाबा दारातच थबकले.

“बाबा, वाढतायत...”

“लेन्सवर धूळ असेल,” मागून काका म्हणाले. “शिकलेल्यांना धुळीतही देव दिसतो!”

“सगळी धूळ एकाच बाजूला कलते का, काका?”

बाबा पडद्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “तुझ्या आजीची पट्टीही अशीच... आम्ही जाळून टाकली. गेलेल्या माणसाला अडकवू नये, बाळा. दे इकडे.”

मी पट्टी काढून मुठीत घट्ट धरली.

“अडकवलंय कोणी? ती आपणहून आलीये. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचे खड्डे मोजले तिने. आता तिचे मी मोजणार. नाही देणार.”

“हट्टीपणा पुरे—” काका म्हणाले आणि थांबले.

मशीनखालची काच रिकामी होती. पडद्यावर मात्र लाल गोल उमटत होते. एक... जरा थांबून दुसरा... शांत झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे.